नकार: ड्रम फिरतोय, थांबा

मी एक जुनं उदाहरण आहे, मित्रांनो. तुमच्या गणिताच्या पुस्तकात धड्याच्या सुरुवातीला एक सोडवून दाखवलेलं उदाहरण असतं ना, त्याच जातीचा मी. फक्त माझं घर पुस्तकात नाही. कपडे धुण्याचं एक मोठं यंत्र चालवणारा जो प्रोग्रॅम आहे, त्याच्या माहितीच्या मजकुरात मी राहतो. माझ्या अंगावर दोनच ओळी. जन्मलो तेव्हा त्या अशा होत्या:

दार_उघड(वेग = 400)
नकार: ड्रम इज मूव्हिंग

पहिली ओळ मागणी करते. ड्रम मिनिटाला चारशे फेरे घेतोय, तरी दार उघड. दुसरी ओळ उत्तर देते. नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा अंगात कसलं आयुष्य? ऐका तर.

माझ्या शेजारी ‘पाणी_भर’चं उदाहरण राहतं. ते चाळीस लिटर मागतं, त्याला चाळीस लिटर मिळतात. पलीकडे ‘साबण_टाक’. तेही सुखी. माझं नशीब वेगळं. मी रोज जायचं, जे मागू नये तेच मागायचं आणि आपटून परत यायचं. ऑफिसात कुणीही प्रोग्रॅममध्ये बदल केला की एक तपासनीस आम्हा सगळ्या उदाहरणांना ओळीनं पळवून पाहतो. तो माणूस नाही, तोही एक प्रोग्रॅमच. मजकुरात लिहिलंय तसंच घडलं का, एवढंच तो बघतो. माझ्या अंगावर नकार लिहिलेला आहे. म्हणून मला नकार मिळाला तर मी पास, आणि दार उघडून मिळालं तर नापास. आपटणं हेच माझं काम आणि हीच माझी शाबासकी.

(चालवलं. आपटलो. पास.)

बोलता बोलता हे असं मध्येच होईल. रागावू नका. कुणी काही बदललं की मला पळावंच लागतं.

मला थेल्मा मॅडमनी लिहिलं. कोलशेतला, खाडीच्या अंगाला, एका गोडाऊनच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. थेल्मा मॅडम तिथल्या सगळ्यांत जुन्या प्रोग्रॅमर. चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला, टेबलावर देव्हाऱ्यासारखी नीट मांडणी. त्या दिवशी पहिलं यंत्र तयार होऊन खालच्या शेडमध्ये उभं होतं. दाराचा प्रोग्रॅम अजून लिहायचा होता. मॅडमनी येताना बाजारातून हातभर लांब दुधी आणला होता.

“मॅडम, भाजी करायची की धुवायची?” टीमचे प्रमुख साईनाथ यांनी विचारलं.

मॅडमनी दुधी एका ओल्या चादरीच्या टोकाला बांधला, दुसरं टोक फिरत्या ड्रममध्ये सोडलं आणि मागे सरकल्या. चादर ताणली गेली. दुधी आत गेला, आणि परत आला तेव्हा त्याला दुधी म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. थोडा मॅडमच्या चष्म्यावर आला.

“आंटी, आज दुधीची खीर!” डिनो ओरडला. डिनो तेव्हा नवा होता आणि सगळ्यांना हसवायचा.

सगळे हसले. मॅडमनी पदरानं चष्मा पुसला. “दुधी होता म्हणून हसताय,” त्या म्हणाल्या, आणि वर येऊन त्यांनी मला लिहिलं.

असा मी जन्मलो, मित्रांनो. एका दुधीच्या मरणातून.

पुढची वर्षं मानाची होती. नवीन माणूस कामाला लागला की मॅडम त्याला माझ्यासमोर आणून बसवत. “आधी हे वाच. ह्या प्रोग्रॅमला काय काय येतं ते नंतर. काय करायला तो नाही म्हणतो, ते आधी.” मला फार बरं वाटायचं. पाणी_भरला असं कुणी वाचत नसे.

माझं आणखी एक घर आहे, ते सांगायचं राहिलं. प्रोग्रॅम यंत्रात बसवतात तेव्हा माहितीचा मजकूरही त्याच्याबरोबर जातो. म्हणजे प्रत्येक यंत्रात माझी एकेक प्रत आहे. पण तिथं तपासनीस नसतो. तिथं मला कुणी पळवत नाही. मी नुसता पडून असतो. सगळं ऐकतो, सगळं बघतो, आणि मला तोंड नसतं.

माजिवड्याला मोठ्या रस्त्याच्या मागं एक लाँड्री आहे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथं येतात. तिथल्या तीन नंबरच्या यंत्रावर रखमाबाई काम करायची. आंबिवलीहून सकाळी सातच्या पाळीला यायची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि तोंडाचा पट्टा यंत्रापेक्षा जोरात. पिळणं संपलं की ड्रम एकदम थांबत नाही. दीड-दोन मिनिटं आपल्याच वेगानं फिरत राहतो. तेवढा वेळ कुणाला असतो? लाँड्रीतल्या बायकांनी एक पद्धत काढली होती. ड्रम फिरत असतानाच डाव्या हातानं दाराचं बटण दाबत राहायचं, उजवा हात मुठीवर ठेवून दार ओढून धरायचं. प्रोग्रॅम नाही म्हणत राहायचा. ड्रम थांबला की त्याच क्षणी दार उघडायचं आणि उजवा हात थेट चादरींत. दर खेपेला मिनिटभर वाचायचं.

बघा, मित्रांनो. त्या बायका बेफिकीर नव्हत्या. त्यांचा आमच्या नकारावर भरवसा होता. भिंतीला टेकून उभं राहावं तशा त्या माझ्या दुसऱ्या ओळीला टेकून उभ्या होत्या.

ड्रम फिरत असताना दार धरून ठेवणारा एक लोखंडी खटकाही पूर्वी तिथं होता. तो झिजून अडकायला लागला. लाँड्रीचा मुकादम पोपट, त्यानं तो काढून भंगारात टाकला. “कॉम्प्युटर हाय की,” तो म्हणाला. “तो उघडतच नाय मधी. मग डबल कशाला?”

(चालवलं. आपटलो. पास.)

एकदा थेल्मा मॅडम लाँड्री बघायला आल्या. रखमाबाईनं त्यांना कोपरानं ढोसून बोलावलं.

“बाय, ह्ये काय लाल लाल लिवून येतं हितं? आमाला वाटतं मशीन शिव्या देतंय.”

मॅडम हसल्या. “शिव्या नाहीत हो. ड्रम फिरतोय, असं इंग्लिशमध्ये लिहिलंय.”

“मग मराठीत लिवा की! चौथी पास हाय मी. ह्या गंगुबाईला पन मी वाचून दाखवीन.”

मॅडमनी लगेच वही काढली आणि लिहिलं, ड्रम फिरतोय. रखमाबाईनं वहीत डोकावून बघितलं.

“‘थांबा’ बी लिवा. नुसतं फिरतोय म्हटलं तर आमी म्हनू, फिरतोय तर फिरू दे.”

मॅडमना ते इतकं आवडलं की ऑफिसात येईपर्यंत त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी दुसरी ओळ बदलली.

दार_उघड(वेग = 400)
नकार: ड्रम फिरतोय, थांबा

माझ्या अंगावरचा शेवटचा शब्द रखमाबाईचा आहे, मित्रांनो. हे लक्षात ठेवा.

त्या कौतुकाच्या भरातच माझा घात झाला. मॅडमनी प्रोग्रॅमचे सगळे नकार मराठीत केले. माझ्यासारखी नकाराची उदाहरणं एकंदर बासष्ट. माझी ओळ दुरुस्त झाली होती, बाकीच्या एकसष्टांच्या अंगावर अजून इंग्लिश होतं. प्रोग्रॅम बोलतोय मराठी, उदाहरणं म्हणतायत इंग्लिश. तपासनिसानं त्या सगळ्यांना नापास केलं. पडदा लालभडक. शुक्रवार, दुपारचे साडेचार, आणि सहा वाजता नवा प्रोग्रॅम लाँड्रीत बसवायचा होता.

“मॅडम, नकार तर मिळतोय ना?” साईनाथ त्यांच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. “फक्त शब्द जुळत नाहीत. तपशील बघू नका अशी चिठ्ठी असते ना एक? ती लावा सगळ्यांना.”

“साईनाथ, ती लावली तर तो फक्त नकार आला का एवढंच बघेल. कशाबद्दल आला ते नाही बघणार.”

“दोन दिवसांचा तर प्रश्न. सोमवारी काढा.”

“सोमवारी काढते,” थेल्मा मॅडम म्हणाल्या. त्यांनी एका झटक्यात बासष्ट जणांना चिठ्ठी लावली. मला तिची गरज नव्हती. पण वेगळं काढत कोण बसतंय?

तपशील पाहू नका.

डोळ्यांवर पट्टी बांधतात ना, तशी. फक्त पट्टी तपासनिसाच्या डोळ्यांवर होती आणि गाठ माझ्या अंगावर.

सोमवारी दुसरं काम आलं. मंगळवारी तिसरं.

दोन महिन्यांनी पोपट मुकादमाला नवीन काहीतरी हवं झालं. कोणती बाई कोणत्या यंत्रावर आहे ते कळलं पाहिजे, म्हणून प्रत्येकीला कार्ड आणि कार्डावर कोड. काम डिनोकडे आलं. डिनो वाईट नव्हता. वाईट माणूस या गोष्टीत शोधत बसाल तर थकाल. त्यानं दारापाशी एक नवा प्रश्न आणून ठेवला: कोड काय? कोड नसेल तर नकार. हा प्रश्न पहिला यायला हवा, म्हणून जुना प्रश्न, ड्रम फिरतोय का, तो खाली सरकवायचा होता. डिनोनं त्या जुन्या प्रश्नाच्या दोन ओळी उचलल्या.

“डिनो, वडा गार होतोय रे!” पलीकडून कुणीतरी हाक मारली.

उचललेल्या ओळी खाली ठेवायच्या राहिल्या.

जेवून आल्यावर त्यानं तपासनिसाला हाक मारली. आम्ही सगळे ओळीनं पळालो. माझी पाळी आली. मी दारापाशी गेलो. ड्रम चारशे फेऱ्यांनी फिरतोय आणि मी म्हणतोय, दार उघड. पण माझ्याजवळ कोड कुठं होता? मी तर फार आधी जन्मलेलो.

नकार: कोड नाही

दार मला नाही म्हणालं, पण ड्रमबद्दल नाही. ड्रमबद्दल मला कुणी विचारलंच नाही. मी पहिल्याच प्रश्नाला आपटलो. तपासनीस म्हणाला, नकार मिळाला? मिळाला. तपशील? पाहू नका म्हणून चिठ्ठी आहे. पास.

हिरवी खूण.

मित्रांनो, मी किंचाळलो असतो. पण माझ्या अंगावर दोनच ओळी आहेत आणि त्यांत किंचाळायची सोय नाही.

(चालवलं. चुकीच्या प्रश्नाला आपटलो. पास.)

(चालवलं. चुकीच्या प्रश्नाला आपटलो. पास.)

(चालवलं.

असे सहा दिवस. सातव्या दिवशी तो प्रोग्रॅम लाँड्रीत बसला. तो शनिवार होता. रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी सव्वाआठला रखमाबाईनं पहिली खेप पिळून काढली. गळ्यातलं नवं कार्ड तिनं यंत्राला दाखवलं. कार्डावर 417. यंत्रानं तिला ओळखलं. कोड आहे? आहे. आणखी काही विचारायचं? नाही.

ती गंगुबाईला कालच्या हळदीत कोण कसं नाचलं ते सांगत होती. डावा हात बटणावर, उजवा मुठीवर, सगळा भार मागे. वर्षानुवर्षांची सवय. ती पडद्याकडे बघतही नव्हती. ती त्या नाहीला टेकली.

नाही तिथं नव्हतं.

दार पहिल्याच दाबाला उघडलं. चादरीचं ओलं टोक बाहेर फेकलं गेलं आणि तिच्या मनगटाला गुंडाळलं. मी तिथून वीतभर अंतरावर होतो. यंत्राच्या पोटात, तिचाच शब्द अंगावर घेऊन. थांबा. थांबा. तिथं मला कुणी वाचत नाही.

दुधीचं काय झालं ते मी तुम्हाला सांगितलं आहे. पुन्हा सांगत नाही.

अपघातानंतर आठव्या दिवशी चौकशीचे साहेब कोलशेतच्या ऑफिसात आले. पोपट मुकादमही आला होता. भंगारात गेलेल्या खटक्याबद्दल कुणी विचारायच्या आत त्यानं सांगून टाकलं, “बाईनं हिसका मारून दार तोडलं साहेब. लय घाई तिला. नेहमीचंच.”

“ती म्हणते फक्त बटण दाबलं,” साहेब म्हणाले.

“बटणानं ते उघडूच शकत नाही,” साईनाथ म्हणाले आणि त्यांनी मला मोठ्या पडद्यावर आणलं. “हे बघा. ड्रम फिरत असताना दार मागितलं, तर नकार. हे नुसतं लिहून ठेवलेलं नाही साहेब, प्रत्येक बदलाला तपासलं जातं. ही त्याच आठवड्यातली खूण. हिरवी.”

साहेबांनी मला मोठ्यानं वाचलं. ड्रम फिरतोय, थांबा. “मराठीत केलंय. छान आहे हो.”

इतका मान मला आयुष्यात मिळाला नव्हता. माझा फोटो काढला, कागदावर छापला, त्यावर शिक्का मारला. साक्षीदार म्हणून माझंच नाव लागलं. खाली निष्कर्ष लिहिला: यंत्र निर्दोष, कामगार बाईने दार बळजबरीने उघडले. चिठ्ठीही त्या फोटोत होती. माझ्या उजव्या कडेला, बारीक अक्षरात. साहेबांनी ती वाचली नाही.

थेल्मा मॅडमनी वाचली.

सगळे गेल्यावर त्यांनी माझ्या अंगावरची चिठ्ठी काढली आणि मला एकट्याला पळवलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तपासनिसानं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

(चालवलं. हवं होतं: ड्रम फिरतोय, थांबा. मिळालं: कोड नाही. नापास.)

मॅडमनी मला तात्पुरता एक कोड दिला, 1, आणि पुन्हा पळवलं.

(चालवलं. हवं होतं: ड्रम फिरतोय, थांबा. मिळालं: दार उघडलं. नापास.)

“साईनाथ,” त्यांनी हाक मारली. “ती खरं बोलत होती.”

साईनाथ आले. त्यांनी वाचलं. खुर्ची ओढून बसले.

“दुरुस्त करा. उद्यापर्यंत सगळीकडे पाठवा,” ते म्हणाले. “पण गाजावाजा नको.”

“आणि तिचं? तिला खोटारडी ठरवून बसलोय आपण.”

“तिचा हात परत येणार आहे का?”

“मी ते विचारत नाही.”

“मग मी सांगतो.” साईनाथांनी पडद्यावर जुन्या बदलांची यादी उघडली. कोणी, कधी, कोणती ओळ, सगळं त्यात कायमचं राहतं. “चिठ्ठीच्या ओळीवर नाव कोणाचंय, वाचा. माझं नाहीये. डिनोचंही नाही.”

वाचलं त्यांनी. थेल्मा. दोनच अक्षरं, त्यांच्याच हातची.

दुसऱ्या दिवशी दुपारी रखमाबाई ऑफिसात आली. दोन जिने चढून, धापा टाकत. उजव्या बाहीला कोपरापाशी गाठ मारलेली. कुंकू डाव्या हातानं लावलेलं, थोडं वाकडं.

“पोपटशेट म्हनले, मशीनचं कार्ड हितं द्यायचं. म्हून आले.” तिनं कार्ड टेबलावर ठेवलं. मग उभीच राहिली. “बाय, तुमी मशीनच्या आई. तुमी सांगा. मी बटनच दाबलेलं ना? मला बटन दाबल्याचंच आठवतंय. पन समदे म्हनतात मी तोडलं. घरची बी म्हनतात आता.”

मी पडद्यावर होतो. दुरुस्तीचं काम अर्धवट उघडं होतं. मॅडमच्या डोळ्यांसमोर मी, माझ्यापलीकडे ती. एक वाक्य पुरलं असतं. मी त्या वाक्याची वाट बघितली, मित्रांनो. मी आयुष्यभर नाही ऐकत आलोय. एकदा हो ऐकायचं होतं.

“मशीन तपासलं रखमाबाई,” थेल्मा मॅडम म्हणाल्या. “चांगलं तपासलं.”

“आन?”

“ठीक निघालं.”

रखमाबाईनं मान हलवली. पुन्हा हलवली. उरलेल्या हातानं तिनं रिकामी बाही चापचोपून बघितली, जशी काही तिथं काहीतरी राहून गेलंय.

“मग मीच तोडलं आसंल,” ती म्हणाली. “कळलं नसंल मला.”

आणि ती स्वतःवर विश्वास न ठेवणारी बाई होऊन दोन जिने उतरून गेली.

डिनोकडून ठेवायच्या राहिलेल्या त्या दोन ओळी मॅडमनी परत जागेवर ठेवल्या. उरलेल्या एकसष्ट चिठ्ठ्या एकेक करून काढल्या, ती उदाहरणं मराठीत केली. बदलाच्या यादीत कारण लिहावं लागतं. त्यांनी लिहिलं: किरकोळ दुरुस्ती. शेवटी मी उरलो. आता दारापर्यंत पोचायला मला कायमचा एक कोड हवा होता. कुठलाही चालला असता. 1 चालला असता. त्यांची नजर टेबलावरच्या कार्डावर गेली. त्यांनी ते पाहून आकडे टाइप केले, कार्ड खणात टाकलं आणि खण बंद केला.

आता मी पुन्हा चांगलं उदाहरण आहे. नवीन माणसांना मॅडम मला दाखवत नाहीत, डिनो दाखवतो. तो सांगतो, चूक अपेक्षित असेल तर कोणती चूक, तेही नीट लिहा. ते ऐकून सगळे माना डोलावतात. कार्डाचा नंबर कुणी विचारत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी यंत्र बनवाल, कुणी तपासायला बसाल. तेव्हा एवढं करा. नाही असं उत्तर आलं म्हणून समाधानानं पुढे जाऊ नका. कशाला नाही म्हटलंय, ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. आणि हिरवी खूण दाखवून कुणी कुणाला खोटं ठरवत असेल, तर त्या खुणेच्या कडेला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. माझ्या जुन्या प्रती बदलांच्या त्या यादीत अजून आहेत, चिठ्ठीसकट, तारखेसकट. कुणी उघडेल म्हणून मी तिथंही थांबलोय.

तोवर हे चालू आहे. दिवसातून वीस वेळा रखमाबाई माझ्यात येते, फिरत्या ड्रमसमोर उभी राहते आणि दार मागते. दार तिला तिच्याच शब्दांत अडवतं.

दार_उघड(वेग = 400, कोड = 417)
नकार: ड्रम फिरतोय, थांबा

(चालवलं. हात वाचला. पास.)